गावच्या क्लबाचे शेअर विकता येतात का?

प्रश्न : स्पेनमधल्या एका गावाने शेअर विकून आपला फुटबॉल क्लब वाचवला, असं ऐकलं. आमच्या क्लबाला तसं करता येईल?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : तो क्लब एइबार. बास्क प्रांतातलं, बंदुकांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव जेमतेम 27 हजार वस्तीचं. 1940 साली दोन क्लब एकत्र येऊन हा संघ झाला. 2014 मध्ये तो पहिल्यांदाच अव्वल लीगमध्ये चढला. डोक्यावर कर्ज नव्हतं, तरी अडचण आली. भांडवल किती हवं, हे कायदा दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांच्या सरासरी खर्चावरून ठरवी. एइबारला सुमारे 17 लाख युरो कमी पडत होते. ते न जमल्यास थेट तिसरी श्रेणी! शेअर 50 युरोंपासून विकले आणि कोणी एकच धनिक मालक होऊ नये म्हणून एकाला 1 लाख युरोंची मर्यादा घातली. पैसे देशोदेशींहून आले. संघ 2021 पर्यंत वर टिकला.

तुमचा क्लब संस्था म्हणून नोंदलेला असेल, तर शेअर विसरा. संस्थेला नफा वाटता येत नाही. प्रायव्हेट कंपनीलाही जाहीर आवाहन करून शेअर विकता येत नाहीत. सभासद वर्गणी आणि देणगी हाच सरळ मार्ग. पावतीपुस्तक मात्र क्रमांकाचं हवं. चाकरमान्यांच्या गणपतीतल्या वर्गणीचा हिशेब तिथेच चुकतो.