नेटवर्क डिव्हाइस सुटत नाही: बायसेक्टने दाखवलेला कमिट आणि खरा दोषी कमिट

समजा, ऐरोलीच्या टेस्ट सर्व्हरवर कंटेनर काढला की डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्स कर्नेलच्या संदेशांत, दर 10 सेकंदांनी ‘व्हेथ मोकळं होण्याची वाट, युसेज काउंट 2’ ही ओळ येते (व्हेथ म्हणजे कंटेनरला जोडणारं आभासी नेटवर्क डिव्हाइस). कर्नेल 6.1 वर येत नव्हती, 6.6 वर येते, आणि बायसेक्टमध्ये (बिघाड कुठे आला ते मधल्या आवृत्त्या अर्ध्या-अर्ध्या करत शोधणारी गिटची सोय) सापडलेला कमिट, म्हणजे कोडमधला नोंदवलेला बदल, तुम्हाला निर्दोष वाटतोय. तुमची शंका बरोबर असू शकते.

आधी त्या 2 बद्दल. गळती, म्हणजे न सुटलेला वापर, एकच आहे. आताच्या कर्नेलमध्ये काउंट 1 वर येईपर्यंत थांबतात, 0 वर नाही. म्हणजे कुणीतरी एकदा होल्ड केलंय (डिव्हाइस वापरात घेतलं, काउंट 1 ने वाढला) आणि पुट केलेलं नाही (ते सोडून काउंट कमी केला नाही). कुणी, ते त्या आकड्यावरून कळणार नाही.

त्यासाठी कर्नेल कॉन्फिगच्या नेटवर्किंग डीबगिंग मेनूत नेट डिव्हाइसचा रेफरन्स काउंट ट्रॅकर चालू करा (5.17 पासून आहे). मग वाट पाहण्याच्या ओळीबरोबरच न सुटलेला होल्ड कुठे घेतला त्याचा स्टॅक (तिथवर नेणाऱ्या फंक्शनांची यादी) छापला जातो. मात्र साध्या डेव्ह_होल्ड फंक्शनने घेतलेल्या होल्डचा स्टॅक मिळत नाही. संशयित फाइलमध्ये त्याजागी नेटडेव्ह_होल्ड आणि नेटडेव्ह_पुट घाला, आणि ज्या स्ट्रक्चरमध्ये डिव्हाइसचा पॉइंटर ठेवलाय त्यातच ट्रॅकरचं फील्ड वाढवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एवढं नेमकं उत्तर दुसरीकडून मिळत नाही.

स्टॅक मिळाला की त्या फंक्शनमधून बाहेर पडणारी प्रत्येक वाट वाचा. बहुतेक वेळा घोळ एरर पाथवर असतो: वर डिव्हाइस शोधून होल्ड केलं, खाली मेमरी मिळाली नाही म्हणून थेट रिटर्न, पुटकडे नेणारा गोटू (थेट उडी) राहिलाच. दुसरी नेहमीची जागा म्हणजे डेव्ह_गेट_बाय_इंडेक्स. हे होल्ड घेऊन देतं, त्याचं आरसीयू (लॉक न घेता वाचण्याची पद्धत) वापरणारं भावंड घेत नाही. एकाच्या जागी दुसरं घालताना पुट विसरलं की गळती, आणि उलट दिशेने बदलताना पुट तसंच राहिलं की त्याहून वाईट, कारण मग डिव्हाइस वापरात असतानाच मेमरी सुटते.

आता बायसेक्ट. 6.1 ते 6.6 म्हणजे 16-17 फेऱ्या. नेमस्पेस (कंटेनरचं वेगळं नेटवर्क) उडवल्यावर सफाई मागे वर्कक्यूमध्ये, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, चालते, त्यामुळे चाचणीच्या स्क्रिप्टने लगेच ‘गुड’ (बिघाड नाही) म्हणू नये. निदान 30 सेकंद थांबून डीमेसेज तपासा. रेस असेल (वेळ जुळली तरच गळती होत असेल) तर प्रत्येक फेरीत तीच चाचणी 50 वेळा चालवा. बिल्ड मोडला तर स्क्रिप्टमधून 125 हा कोड परत करा, म्हणजे तो कमिट वगळला जातो. एक खोटा ‘गुड’ पडला की पुढच्या साऱ्या फेऱ्या वाया.

आणि एवढं करूनही बायसेक्ट दाखवतो तो गळती पहिल्यांदा *दिसली* तो कमिट. पुट नसलेली वाट कदाचित चार वर्षं तशीच पडून होती, नव्या कमिटने तिकडे फक्त रहदारी वळवली. म्हणून त्या फंक्शनवर गिट लॉगचा मोठा एल (-L हा पर्याय) चालवून त्याचा इतिहास मागे वाचत जा, होल्ड आला पण पुट आला नाही तो कमिट सापडेपर्यंत. पॅचच्या फिक्सेस ओळीत (कोणत्या कमिटची चूक सुधारली ते सांगणारी ओळ) त्याचाच हॅश, म्हणजे ओळख-क्रमांक, लिहा, 12 अक्षरी. चुकीचा लिहिलात तर जुन्या स्टेबल शाखांमध्ये (दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या जुन्या आवृत्त्यांमध्ये) तुमची दुरुस्ती पोहोचणार नाही, आणि गळती तिथे तशीच राहील.