ज्युपिटरहब आणि स्लर्म: जॉब सुरू होतो, पण सेशन का उघडत नाही?

आपला प्रश्न असा आहे की, विभागातील स्लर्म (जॉब रांगेत लावून यंत्रांना वाटून देणारी प्रणाली) क्लस्टरच्या हेड नोडवर, म्हणजे मुख्य यंत्रावर, ज्युपिटरहब (ब्राउझरमधून ज्युपिटर सेशन देणारा सर्व्हर, पुढे नुसता ‘हब’) आणि त्यासोबत बॅचस्पॉनर (ही सेशन स्लर्मचे जॉब म्हणून सुरू करणारा त्याचा जोडभाग) बसवल्यानंतर विद्यार्थ्याला लॉगिन करता येते, त्याचा जॉब रांगेत जातो आणि स्क्यू या रांग दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीत काही वेळ चालू असल्याचेही दिसते. मात्र ब्राउझरमधील पट्टी पुढे सरकत नाही आणि पाच मिनिटांनी सेशन सुरू होऊ शकले नाही असा निरोप येतो. टाइमआउट वाढवून आणि मेमरी दुप्पट करूनही फरक पडला नाही, असे आपण लिहिले आहे. फरक पडणारही नव्हता, कारण आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून अडचण साधनसामग्रीची नसून पत्त्याची दिसते.

जॉब चालू स्थितीत पोहोचतो, यावरून बराचसा भाग ठीक असल्याचे आधीच सिद्ध होते. मुंज (munge) या नोडांमध्ये ओळख पटवणाऱ्या सेवेची किल्ली सर्व नोडवर सारखी आहे, घड्याळे जुळलेली आहेत, विद्यार्थ्याचा यूआयडी (वापरकर्ता क्रमांक) दोन्हीकडे एकच आहे आणि सुडोमार्फत (दुसऱ्याच्या नावाने आज्ञा चालवू देणाऱ्या साधनामार्फत) त्याच्या नावाने एसबॅच, म्हणजे जॉब रांगेत टाकणारी आज्ञा, चालवण्याची परवानगीही हबला मिळालेली आहे. यांपैकी काही बिघडलेले असते, तर जॉब रांगेतच गेला नसता किंवा सुरू होताच कोसळला असता. तेव्हा त्या दिशेने शोध घेण्यात वेळ घालवू नये.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. हब एसबॅचला स्क्रिप्ट देतो, स्लर्म ती कुठल्यातरी कॉम्प्युट नोडवर (प्रत्यक्ष गणिते करणाऱ्या यंत्रावर) चालवतो, आणि तिथे सुरू झालेला एकवापरकर्ता सर्व्हर, म्हणजे त्या एका विद्यार्थ्याचा ज्युपिटर सर्व्हर, एक मोकळा पोर्ट निवडून तो पोर्ट हबला स्वतःहून कळवतो. हा निरोप पोहोचेपर्यंत हबच्या दृष्टीने सेशन अस्तित्वातच नसते, मग स्लर्म काहीही सांगो. म्हणजे या व्यवस्थेत दोन वेगळ्या दिशांच्या जोडण्या लागतात: कॉम्प्युट नोडकडून हबच्या ८०८१ या पोर्टकडे जाणारी एक, आणि हेड नोडवरील प्रॉक्सीकडून (ब्राउझरच्या विनंत्या सेशनपर्यंत नेणाऱ्या मध्यस्थाकडून) कॉम्प्युट नोडच्या त्या मोकळ्या पोर्टकडे जाणारी दुसरी. बहुतेक जण फक्त ब्राउझर ते हब एवढीच वाट, म्हणजे ८००० हा पोर्ट, उघडतात आणि तिथेच थांबतात.

पहिल्या जोडणीत हमखास होणारी चूक म्हणजे हबचा आयपी मूळ स्थितीतच राहू देणे. काहीही न बदलल्यास हब १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकतो आणि जॉबलाही परतीचा पत्ता म्हणून तोच देतो. सगळे एकाच यंत्रावर असेल तोवर हे चालते. पण कॉम्प्युट नोडवर १२७.०.०.१ म्हणजे तो नोड स्वतःच, त्यामुळे बिचारा जॉब स्वतःच्याच दारावर थाप मारत राहतो. यावर उपाय म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये हब आयपी ०.०.०.० असा लिहावा, म्हणजे तो सर्व नेटवर्क कार्डांवर ऐकेल; आणि त्याच्याच जोडीला हब कनेक्ट आयपी ही वेगळी नोंद करून तिच्यात हेड नोडचा क्लस्टरच्या आतल्या नेटवर्कवरील पत्ता स्पष्टपणे द्यावा. ही दुसरी नोंद टाळल्यास हब आपल्या यंत्राचे होस्टनेम परतीचा पत्ता म्हणून देतो, आणि इथे पुन्हा घोटाळा होऊ शकतो, कारण हेड नोडला बहुधा दोन नेटवर्क कार्डे असतात, एक कॅम्पसकडे आणि एक कॉम्प्युट नोडकडे, आणि ते नाव कॉम्प्युट नोडवर कोणत्या आयपीत रूपांतरित होईल याचा भरवसा नसतो. मी स्वतः या एका ओळीपायी जवळजवळ तीन दिवस घालवले आहेत. हबचा लॉग पुन्हा पुन्हा वाचत होतो, पण त्यात ‘वाट पाहत आहे’ याखेरीज काहीच सापडत नव्हते, आणि खरे कारण दुसऱ्याच फाइलमध्ये पडून होते.

ती दुसरी फाइल म्हणजे जॉबचा स्वतःचा लॉग. बॅचस्पॉनरची मूळ स्क्रिप्ट बदललेली नसल्यास तो विद्यार्थ्याच्या होम डिरेक्टरीत, शेवटी जॉबचा क्रमांक असलेल्या फाइलमध्ये लिहिला जातो. सर्वांत आधी तोच उघडावा. जॉब काही सेकंदांत संपला असेल आणि लॉगमध्ये जोडणी नाकारल्याचे लिहिलेले असेल, तर पत्ता चुकला आहे. जॉब बराच वेळ ताटकळून मग संपला असेल, तर पत्ता बरोबर असून मधला फायरवॉल पाकिटे निमूटपणे टाकून देत असण्याची शक्यता जास्त. आणि आज्ञा सापडली नाही असा संदेश असेल, तर कॉम्प्युट नोडवरील पायथनच्या वातावरणात बॅचस्पॉनर बसवलेलाच नाही. तो हेड नोडवर असून भागत नाही, दोन्हीकडे लागतो.

अंदाज बांधण्यापेक्षा हाताने तपासणे सोपे आहे. एसरन या स्लर्मच्या आज्ञेने एका कॉम्प्युट नोडवर शेल घ्यावे आणि तिथून कर्लने (वेब पत्त्याला विनंती पाठवणाऱ्या आज्ञेने) हबच्या ८०८१ पोर्टवरील ‘हब’खालच्या ‘एपीआय’ या वाटेला हाक मारावी. जोडणी ठीक असेल तर ज्युपिटरहबची आवृत्ती सांगणारे छोटेसे उत्तर येते. उलट दिशेसाठी त्याच नोडवर पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर एखाद्या वरच्या क्रमांकाच्या पोर्टवर चालू करून हेड नोडवरून त्याला कर्ल करावे. मोकळा पोर्ट दर वेळी वेगळा असल्यामुळे एकच पोर्ट उघडून काम होत नाही. क्लस्टरच्या आतल्या नेटवर्कवर हेड नोडकडून येणाऱ्या जोडण्यांना वरच्या पोर्टवर मुभा देणे हा व्यवहार्य मार्ग आहे. मात्र ८०८१ हा पोर्ट कॅम्पसच्या बाजूने उघडा ठेवू नये, त्याची बाहेर कोणालाही गरज नसते.

आणखी एक बारीक गोष्ट. कॉन्फिग फाइलच्या सुरुवातीला बॅचस्पॉनर आयात करणारी ओळ असणे आवश्यक आहे. ती निरुपयोगी वाटते म्हणून पुष्कळजण काढून टाकतात, विशेषतः रॅपस्पॉनर या जोडभागातून विद्यार्थ्यांना निवडीसाठी वेगवेगळे प्रोफाइल देताना. पण जॉबकडून येणारा पोर्टचा निरोप स्वीकारणारी वाट हबमध्ये त्या आयातीमुळेच नोंदली जाते. तसेच जॉबला लागणारे टोकन (ओळख पटवणारी गुप्त खूण) पर्यावरण-चलांतून (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समधून) जाते, त्यामुळे सुडोने ती चले गाळू नयेत अशी मुभा सुडोअर्सच्या फाइलमध्ये दिलेली असावी.

टाइमआउटविषयी आपला समज थोडा सुधारावा लागेल. बॅचस्पॉनरचा सुरुवातीचा टाइमआउट ३०० सेकंदांचा असतो आणि त्यात रांगेतली प्रतीक्षाही धरलेली असते. नोड मोकळे असताना पाच मिनिटे भरपूर होतात. परीक्षेच्या किंवा प्रबंध सादर करण्याच्या दिवसांत रांग तासाभराची झाली, तर हब कंटाळून जॉब रद्द करतो. अशा वेळी टाइमआउट तासाभराचा करण्याऐवजी एक-दोन नोडचे वेगळे पार्टिशन (स्लर्ममधील नोडचा स्वतंत्र गट) केवळ या सेशनसाठी राखावे आणि त्याची कालमर्यादा चार ते आठ तास ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्राउझरसमोर बसलेला माणूस रांगेत उभा राहायला तयार नसतो.

सेशन उघडू लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पुढची तक्रार येईल, म्हणून तीही आत्ताच सांगतो. हब बंद करताना तो मूळ स्थितीत सर्वांचे सर्व्हरही बंद करतो. म्हणजे आपण कॉन्फिगमधली एक ओळ बदलून हब पुन्हा चालू केला, की वीस जणांचे चालू जॉब रद्द होतात. हे टाळण्यासाठी क्लीनअप सर्व्हर्स या नोंदीला ‘फॉल्स’ (False) ही किंमत द्यावी, प्रॉक्सी हबच्या पोटात न चालवता सिस्टमडीची (लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाची) स्वतंत्र सेवा म्हणून चालवावी आणि दोघांना एकच टोकन द्यावे. हबची एसक्यूलाइट फाइलही (त्याचा डेटाबेस) जपावी, कारण कोणाचा जॉब क्रमांक कोणता हे तिच्यातच असते. ती पुसली की जॉब चालू राहतात, पण हबला त्यांची ओळख उरत नाही.

रिकामी पडलेली सेशन बंद करण्यासाठी हबच्या पातळीवरचा आयडल-कलर (idle culler, निष्क्रिय सर्व्हर शोधून बंद करणारी सेवा) लावण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. क्लस्टरसाठी तो मला तितका पसंत नाही, कारण काहीही न छापता तासन्‌तास मुकाट चालणारे गणित त्याला निष्क्रिय वाटू शकते. त्याऐवजी एकवापरकर्ता सर्व्हरच्या आतच निष्क्रिय कर्नल (नोटबुकमधील कोड चालवणारी प्रक्रिया) बंद करण्याची मुदत द्यावी, जी कामात असलेल्या कर्नलला मूळ स्थितीत हात लावत नाही, आणि एकही कर्नल वा टर्मिनल उरले नाही की सर्व्हरने स्वतःच बंद व्हावे अशी दुसरी मुदत जोडावी. सर्व्हर संपला की जॉब संपतो आणि नोड मोकळा होतो. एवढे लक्षात असू द्यावे की, ब्राउझरचा टॅब उघडा ठेवलेल्या कर्नललाही ही व्यवस्था आपणहून बंद करत नाही. टॅब उघडा टाकून सुटीला जाणाऱ्यांसाठी पार्टिशनची कालमर्यादा हाच इलाज आहे.

आपण आधी हब कनेक्ट आयपी नोंदवून, हब एकदा पुन्हा चालू करून, दोन्ही दिशांचे कर्ल करून पाहावे. त्यानंतरही अडल्यास जॉबच्या लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी, त्यात टोकन दिसत असल्यास ते खोडून, आणि दोन्हीकडच्या ज्युपिटरहबच्या आवृत्त्या इथे द्याव्यात.