लांब वळणावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो : पंप बदलण्याआधी काय तपासावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : टर्बो पेट्रोल सेडानचे रीमॅपिंग (इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून ताकद वाढवणे) करून घेतले आहे, चांगल्या पकडीचे टायर घातले आहेत, चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना काही त्रास होत नाही, परंतु महामार्गाच्या लांब डाव्या वळणावर वेगात असताना ऑइलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकून जातो. मेकॅनिकने मोठ्या क्षमतेचा ऑइल पंप किंवा जाड ऑइल सुचवले आहे, आणि पुढे कोइमतूरच्या ट्रॅकवर गाडी नेण्याचा तुमचा विचार आहे. माझ्या मते हे दोन्ही उपाय तुमच्या दुखण्यावरचे नाहीत. पंपाच्या तोंडाशी ऑइल पोहोचत नसेल तर पंप कितीही मोठा असला तरी तो हवाच ओढणार, आणि हवेने दाब तयार होत नाही.

मोटारींकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारी नौकांच्या इंजिनांची कामे केली. होडीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. होडी एका कुशीवर कलली की पाणी त्या कुशीला धावते, पंपाचे तोंड उघडे पडते आणि पंपाचा आवाज एकदम पोकळ होतो. तुमच्या गाडीच्या ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्यात, नेमके हेच घडू शकते. फरक एवढाच, की तिथे आवाज ऐकू येत नाही आणि ज्याला उपाशी राहावे लागते तो क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, असतो.

क्रँक आणि बेअरिंगचे शेल (क्रँकला आधार देणारे पातळ अर्धगोल पत्रे) यांच्यामधली फट साधारणपणे मिलिमीटरच्या तीन ते सहा शतांश भागांइतकी, म्हणजे केसापेक्षाही बारीक असते. इंजिन फिरत असताना क्रँक त्या फटीतल्या ऑइलच्या थरावर अक्षरशः तरंगत असतो, आणि हा भार पेलणारा दाब फिरण्यामुळेच तिथल्या तिथे तयार होतो. पंपाचे काम फक्त त्या थराला अखंड पुरवठा करण्याचे आहे. ६,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या गतीला, क्रँक सेकंदाला १०० फेरे घेतो. म्हणजे एका सेकंदापुरती हवा गेली तरी शंभर फेऱ्यांच्या काळात पुरवठा तुटका असतो, आणि सर्वांत आधी झळ पोहोचते ती बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या, शेलना, कारण त्यांना मिळणारे ऑइल क्रँकच्या आतल्या भोकांतून सर्वांत शेवटी येते.

आता घाटात काही होत नाही आणि महामार्गावर होते, हे उलटे कसे, ते पाहू. वळणावर ऑइलचा पृष्ठभाग किती कलेल, हे त्या वळणावर गाडीवर पडणाऱ्या आडव्या जोरावरून काढता येते : अर्धा जी (एक जी म्हणजे गाडीच्या वजनाइतका जोर) असेल तर सुमारे २७ अंश, एक जी असेल तर ४५ अंश. घाटातले १५ मीटर त्रिज्येचे वळण ताशी ३० किलोमीटरने घेतले तर जोर अर्ध्या जीपेक्षा थोडा कमी भरतो, आणि दोन-तीन सेकंदांत वळण संपून ऑइल पुन्हा जागेवर येते. घाटाच्या चढाचे तर फारसे मनावर घेऊ नये. दहास एक असा तीव्र चढसुद्धा पृष्ठभागाला सहा अंशांपेक्षा कमीच कलवतो. परंतु १०० मीटर त्रिज्येचे वळण ताशी १०० किलोमीटरने घेतले, तर जोर पाऊण जीच्या वर जातो, कल ३८ अंशांच्या आसपास पोहोचतो आणि तो सलग चार-पाच सेकंद टिकतो. त्याच वेळी इंजिन वरच्या आरपीएमला असल्याने बरेच ऑइल इंजिनाच्या वरच्या भागात, सिलिंडर हेडमध्ये, अडकलेले असते आणि खाली येण्यास वेळ लावते, त्यामुळे चेंबरमध्ये मुळातच कमी उरलेले असते. हा वेग सार्वजनिक रस्त्यावर का गाठला, हा प्रश्न मी इथे विचारत नाही, पण तो तुम्ही स्वतःला विचारावा अशी अपेक्षा आहे.

तरीही माझी शंका वेगळीच आहे. कंपनीतून निघालेली निरोगी गाडी, ऑइल पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत असताना, रस्त्यावरच्या वळणाने सहसा दिवा दाखवत नाही. म्हणून घाईने काही विकत घेण्यापूर्वी दाब नेमका केव्हा पडतो हे नीट पाहावे, कारण पडण्याची वेळच कारण सांगते. गरम इंजिन रिकामे चालू असताना (गाडी उभी, पाय अ‍ॅक्सिलेटरवर नाही) दाब कमी आणि आरपीएम वाढवल्यावर ठीक, असे असेल तर ऑइल पातळ झाले आहे किंवा बेअरिंगची फट वाढली आहे. रिकामे चालताना ठीक आणि आरपीएम चढवल्यावर दाब खाली येत असेल, तर पंपाला ओढताना अडथळा होतो आहे, म्हणजे पंपाच्या तोंडावरची जाळी तुंबली आहे किंवा चेंबर दबला आहे. सगळीकडेच कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) अडकला असण्याची शक्यता पाहावी. आणि फक्त वळणावर किंवा जोरात ब्रेक लावतानाच पडत असेल, तरच ऑइल तोंडापासून दूर पळते आहे असे म्हणावे.

हे पाहण्यासाठी लाल दिवा कामाचा नाही. साधा स्विच बहुधा ०.३ ते ०.६ बार (बार हे दाबाचे एकक) इतका दाब उरल्यावर दिवा लावतो. वरच्या आरपीएमला ज्या इंजिनाला चारेक बार लागतात, त्याच्यासाठी हा दिवा म्हणजे घर जळून गेल्यावर वाजणारी घंटा आहे. दर हजार आरपीएमला १० पीएसआय (दाबाचेच दुसरे एकक) हा जुन्या मंडळींचा आडाखा अजूनही ढोबळ अंदाजासाठी चालतो. मात्र अनेक नव्या टर्बो इंजिनांत पंप दोन टप्प्यांत काम करतो आणि कमी भाराला मुद्दाम कमी दाब ठेवतो, त्यामुळे तिथे आकडे पाहून घाबरण्यापूर्वी त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले आकडे पाहावेत. दाबाचा आणि ऑइलच्या तापमानाचा असे दोन मीटर बसवा, आणि ठरावीक आरपीएमच्या वर दाब ठरावीक पातळीखाली गेल्यास ठळक दिवा लागेल अशी सोय करा. एक सूचना मात्र पाळा : दाबाचा जड सेन्सर पितळी टीवर (तीन तोंडांच्या जोडणीवर) थेट लटकवू नका. इंजिनाच्या कंपनांनी ती टी आट्यांपाशी तडकते आणि दाब मोजण्यासाठी लावलेली वस्तूच सगळे ऑइल बाहेर सांडते. छोट्या होजने सेन्सर बॉडीवर नेऊन घट्ट बसवावा.

दबलेल्या चेंबरचा उल्लेख मी वर सहज केलेला नाही. आपल्याकडे जांभ्याचे चिरे ट्रकमधून भरभरून जातात आणि त्यांतला एखादा रस्त्यावर पडलेला असतो. काही वर्षांपूर्वी पूर्णगडकडे जाताना तिन्हीसांजेला असा एक चिरा माझ्या गाडीखाली आला. आवाज मोठा झाला, पण ऑइल कुठेही गळले नाही, म्हणून मी निर्धास्त राहिलो. पत्र्याच्या चेंबरची हीच खोड आहे : अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर फुटतो आणि निदान रस्त्यावर ऑइल सांडून कळवतो, पत्र्याचा मात्र दबतो आणि गप्प राहतो. चेंबरचा तळ आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीचे तोंड यांच्यात साधारण सहा ते दहा मिलिमीटर अंतर लागते. माझ्या गाडीत ते जवळजवळ मिटले होते. ४,००० आरपीएमच्या पुढे मीटरचा काटा चढण्याऐवजी उतरू लागला, तेव्हा मी गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथे चेंबर ठोकून सरळ केला आणि सिलिकॉनचा जाड थर लावून परत बसवला. बोल्ट आवळले की जितके सिलिकॉन बाहेर येते तितकेच आतही येते, हे त्या वेळी माझ्याही ध्यानात आले नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तेच लक्षण दिसले आणि या वेळी चेंबर मी स्वतः उतरवला, तर गांडुळासारखा सिलिकॉनचा तुकडा जाळीवर चिकटून बसला होता. शेल काढून पाहिले, तर दोन शेलांवरचा पांढुरका थर झिजून खालचे तांबे दिसू लागले होते. गॅरेजचा दोष होताच, पण आवाज ऐकूनही त्या दिवशी गाडीखाली न वाकणारा मीच होतो.

म्हणून तुमच्या बाबतीत पहिले काम म्हणजे सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टी पाहणे. टर्बो इंजिने ऑइल पितात आणि अर्धा-पाऊण लिटर कमी असणे हे अशा लुकलुकण्याचे सर्वांत सामान्य कारण आहे. दुसरे काम म्हणजे लिफ्टवर गाडी चढवून चेंबरचा तळ हाताने चाचपणे. किनाऱ्यालगत राहत असाल तर खाऱ्या हवेने पत्रा आणि ड्रेन बोल्टभोवतीचा भाग किती खाल्ला गेला आहे, तेही तेव्हाच दिसेल.

मोठ्या पंपाविषयी एवढेच सांगतो की, ठरावीक दाबानंतर रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा ऑइल मागे सोडतो. त्यामुळे मोठा पंप दाब वाढवण्यापेक्षा ऑइल फिरवून तापवतो, आणि जास्त ऑइल वर पाठवून चेंबर अधिक लवकर रिकामा करतो. जाड ऑइलाचे म्हणणे थोडे वेगळे आहे. १०० अंश सेल्सियसला ३० ग्रेडच्या ऑइलची स्निग्धता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३, तेव्हा रीमॅपनंतर ऑइल फार तापत असेल आणि निर्मात्याची मुभा असेल, तर ५ डब्ल्यू-३० ऐवजी ५ डब्ल्यू-४० घालणे समंजसपणाचे आहे. पण ते तापमानासाठी. वळणाच्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही. उलट जाड ऑइल हेडमधून खाली येण्यास अधिक वेळ घेते. थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत छोट्या-छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल ऑइलमध्ये मिसळून ते पातळ होते, हेही लक्षात असू द्या. रीमॅप केलेल्या गाडीचे ऑइल मी कंपनीने सांगितलेल्या निम्म्या अंतरावर बदलतो.

सगळे तपासून चेंबर निर्दोष निघाला आणि दाब खरोखर वळणावरच पडतो असे मीटरने दाखवले, तर करण्याजोगे पहिले काम म्हणजे चेंबरमध्ये बॅफल बसवणे. जाळीच्या भोवती एक पेटी करायची, तिच्या भिंतींना आतल्या बाजूलाच उघडणारी दारे ठेवायची आणि वर आडवे झाकण द्यायचे. ऑइल आत येते, पण वळणावर बाहेर पळू शकत नाही. भरतीच्या पाण्यात खाजणाच्या बांधावरची उघाडी जशी एकाच दिशेला वाहू देते, तशीच ही रचना आहे. इंजिन आडवे बसवलेले असेल, तर वळणावर ऑइल क्रँकच्या लांबीच्या दिशेने पळते आणि ब्रेकला रुंदीच्या दिशेने, त्यामुळे तुमच्यासाठी डावी-उजवीकडची दारे अधिक महत्त्वाची. हे काम करणारा चांगला वेल्डर रत्नागिरी-चिपळूणकडेही सापडतो, मात्र वेल्डिंगनंतर चेंबर आतून चकचकीत स्वच्छ करणे आणि जाळीचे अंतर मोजूनच बसवणे ही जबाबदारी तुमची.

वरच्या खुणेपेक्षा पाव-अर्धा लिटर ऑइल जास्त भरण्याची ट्रॅकवरची प्रथा तुमच्या कानावर येईल. काही इंजिनांना ती चालते. काहींमध्ये क्रँक ऑइलात आपटून फेस करतो आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच. त्या विशिष्ट इंजिनाचा अनुभव असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय हे करू नये.

ट्रॅकवर नियमित जाणार असाल तर ऑइल अ‍ॅक्युम्युलेटरचा विचार करावा; अ‍ॅक्युसम्प या नावाने तो बहुतेकांना ठाऊक आहे. एका नळकांड्यात सरकता पिस्टन असतो, एका बाजूस, नळकांडे ऑइलविना असताना सुमारे अर्ध्या बारला भरलेली हवा आणि दुसऱ्या बाजूस दाबाखालचे एक ते तीन लिटर ऑइल. पंपाचा दाब पडला की हवा पिस्टन ढकलते आणि ते ऑइल बेअरिंगना मिळते, तेवढ्यात वळण संपते. इंजिन बंद करण्यापूर्वी त्याची झडप मिटवली, तर दुसऱ्या दिवशी सुरू करण्याआधीच बेअरिंगना ऑइल देता येते. माझ्या दृष्टीने हा फायदा वळणाच्या संरक्षणाइतकाच मोलाचा आहे.

ड्राय सम्प हा खरा राजमार्ग आहे. त्यात चेंबरमध्ये ऑइल साठवतच नाहीत. वेगळे पंप ते ओढून उंच उभ्या टाकीत नेतात आणि टाकीच्या तळातून इंजिनाला पुरवतात. पोर्श ९११ला १९६०च्या दशकापासून ही रचना आहे, आणि गंमत म्हणजे आपल्या गावोगावच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्येही तिचाच एक प्रकार होता, टाकी तेवढी क्रँककेसमध्येच सामावलेली. परंतु तुमच्या सेडानसाठी तिचा खर्च इंजिनाच्या किमतीशी स्पर्धा करील. हा नाद मी तुम्हाला लावणार नाही.

हे सर्व होईपर्यंत दिवा लुकलुकला तर अ‍ॅक्सिलेटर सोडा, क्लच दाबा, गाडी सरळ होऊ द्या आणि बाजूला थांबल्यावरच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत किल्ली फिरवू नका, कारण स्टीअरिंग आणि ब्रेक दोन्ही जड होतात. आणि हा दिवा तुम्ही अनेकदा पाहिला असल्यामुळे, चेंबर उतरवण्याच्या दिवशीच ऑइल फिल्टर कापून त्याची घडीदार कागदी पट्टी उन्हात उलगडून पाहा. शेलांचे कण चुंबकाला लागत नाहीत, म्हणून ड्रेन बोल्टवरचे चुंबक स्वच्छ दिसले तरी त्यावर विसंबू नका. कागदावर रुपेरी किंवा तांबूस चकाकी दिसली, तर बिग एंडचे शेल काढून पाहिल्याशिवाय ती गाडी कोइमतूरला काय, कुंभार्लीच्या पायथ्यापर्यंतही नेऊ नका.