फ्रीलान्सिंग: हातातल्या कामातून कमाई कशी वाढेल?

प्रश्न: मी ग्राफिक डिझायनर आहे. कमाई एकाच आकड्यावर अडकली आहे. रोज दोन तास नवे क्लायंट शोधण्यात जातात, पण पाठवलेल्या प्रस्तावांना उत्तरही येत नाही. काय करू?

उत्तर: पुढचा महिनाभर ते दोन तास जुन्या क्लायंटना द्या. अनोळखी माणसाला तुमच्या कामाचा दर्जा, वेळ पाळणं, बिलाची पद्धत हे सगळं पहिल्यापासून पटवून द्यावं लागतं. ज्याने एकदा पैसे मोजले आहेत त्याला ते ठाऊक असतं. तरी बहुतेक जण ‘गरज लागली तर तोच फोन करेल’ असं धरून बसतात. तो सहसा करत नाही. तुम्ही लोगो करता एवढंच त्याच्या लक्षात असतं, आणि माहितीपत्रकाचं काम तो दुसऱ्या कुणाला देऊन मोकळा होतो.

आधी एक तक्ता करा. गेल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक कामाची एक ओळ: क्लायंट, काम, मिळालेले पैसे, लागलेले तास, पैसे किती दिवसांनी आले, शेवटचं बोलणं कधी झालं. तासांमध्ये मेल, मीटिंग, दुरुस्त्या आणि बिलासाठी केलेला पाठपुरावाही धरा. २० तासांचं म्हणून घेतलेलं काम ३१ तासांवर गेलं असेल, तर तासाचा दर सुमारे ३५ टक्क्यांनी खाली आलेला असतो. सर्वांत मोठी बिलं देणारा क्लायंट या हिशेबात पुष्कळदा तळाला जातो. तेव्हा कुणाला वेळ द्यायचा हे बिलाच्या रकमेवरून ठरवू नका.

तासाचा दर चांगला, पैसे वेळेवर आणि तीन महिन्यांत बोलणं नाही, असे क्लायंट वेगळे काढा. दिवसाला दोघांनाच लिहा, कारण लिहिण्याआधी प्रत्येकाचं सध्याचं काम अर्धा तास नीट पाहायचं आहे. ‘काही काम असेल तर कळवा’ असा मेल पाठवू नका. काम शोधण्याची जबाबदारी त्याने समोरच्यावर पडते, आणि मेल बाजूला राहतो. त्याऐवजी असं लिहा: ‘मागच्या वर्षी आपण केलेल्या कॅटलॉगमध्ये तुमची तीन नवी उत्पादनं अजून आलेली नाहीत. मूळ फाइल माझ्याकडे आहे. चार पानं वाढवून सहा दिवसांत देता येतील. हवं असेल तर खर्चाचा अंदाज उद्या पाठवते.’ यात उणीव दिसते, कामाची व्याप्ती आणि मुदत कळते, आणि उत्तर एका शब्दात देता येतं. आठवड्याने एकदा आठवण करा. तरी उत्तर नाही आलं, तर तीन महिने थांबा.

प्रश्न: लेखनाचे दर वाढवायचे आहेत, पण असलेले क्लायंट जातील अशी भीती वाटते.

उत्तर: आकडेमोड करून पाहा. दर २० टक्क्यांनी वाढवला आणि सहावा हिस्सा काम गेलं, तरी उत्पन्न तेवढंच राहतं. २५ टक्के वाढवला तर पाचवा हिस्सा गेला तरी चालतो. शिवाय मोकळे झालेले तास तुमच्या हातात राहतात.

मात्र सगळ्यांना एकदम कळवू नका. नवा दर आधी नव्या चौकशांना सांगा. मग तासाचा दर सर्वांत कमी पडणाऱ्या क्लायंटना, आणि चांगल्या क्लायंटना सर्वांत शेवटी. ३० ते ४५ दिवस आधी लेखी कळवा, लागू होण्याची तारीख लिहा, सुरू असलेलं काम जुन्याच दराने पूर्ण होईल हेही लिहा. लांबलचक कारणं देऊ नका, त्यातूनच घासाघीस सुरू होते. ‘परवडत नाही’ असं उत्तर आलं तर काम कमी करा, दर तोच ठेवा: चार लेखांऐवजी तीन, किंवा दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांऐवजी एक. तेवढंच काम जुन्या दराने मान्य केलंत, तर पुढच्या प्रत्येक वेळी तुमचा आकडा खाली येईलच असं तो गृहीत धरतो.

दर ठीक असूनही पैसे कमी पडत असतील तर गळती दुरुस्त्यांमध्ये असते. कोटेशनमध्ये ‘दोन फेऱ्या’ एवढंच लिहून भागत नाही. एक फेरी म्हणजे सगळ्या सूचना एकत्र, एकाच फाइलमध्ये, पाच कामकाजाच्या दिवसांत. आराखडा मंजूर झाल्यावर विषय बदलला तर वेगळा अंदाज. हे लिहिलेलं नसेल तर सूचना एकेक करून तीन आठवडे येत राहतात.

प्रश्न: एक क्लायंट दरमहा ठरावीक काम द्यायला तयार आहे, पण ३० टक्के सूट मागतो. द्यावी का?

उत्तर: १० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. ही सूट खात्रीच्या कामासाठी असते, म्हणून ती खात्री अटींमध्ये उतरली पाहिजे: पैसे महिन्याच्या सुरुवातीला, किमान तीन महिने, करार थांबवायचा तर दोन्ही बाजूंनी ३० दिवसांची सूचना.

तास ठरवताना मागचे सहा महिने पाहा. समजा ९, १४, ११, १८, १० आणि १६ तास लागले. सरासरी १३ येते, पण १० तासांवर ठरवा. वाया गेलेल्या तासांचे पैसे भरतोय असं क्लायंटला वाटत नाही, आणि त्यावरचे तास तुम्ही नेहमीच्या दराने, सूट न देता लावता. न वापरलेले तास फक्त पुढच्या महिन्यापर्यंत, तेही पाचपेक्षा जास्त नाहीत. ही मर्यादा नसली की साठलेले पंचवीस तास एकाच आठवड्यात मागितले जातात आणि बाकीच्यांच्या डेडलाइन कोसळतात. कामाच्या मेलला एका दिवसात उत्तर मिळेल आणि काम ठरलेल्या मुदतीत होईल, या दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहा. मासिक करार कितीही चांगला असो, एकाच क्लायंटकडून ४० टक्क्यांहून जास्त उत्पन्न येऊ देऊ नका.

प्रश्न: ओळखीतून काम मिळावं म्हणून क्लायंटला विचारणं बरं दिसतं का?

उत्तर: नक्की विचारा. काम आवडल्याचं त्याने कळवलं की त्याच आठवड्यात. ‘कुणी असेल तर सांगा’ म्हणाल तर त्याला कुणीच आठवणार नाही. ‘प्रशिक्षण व्हिडिओ करणाऱ्या एखाद्या संस्थेशी ओळख करून द्याल का?’ असं नेमकं विचारा, आणि त्याला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा तीन ओळींचा मजकूर व कामाची एक लिंक सोबत द्या.

प्रश्न: एकदा विकलेल्या छायाचित्रांमधून पुन्हा पैसे मिळू शकतात का?

उत्तर: ते करारावर अवलंबून आहे. सगळे हक्क लिहून दिले असतील तर नाही. वापराची परवानगी ठरावीक माध्यमापुरती आणि मुदतीपुरती असेल, म्हणजे समजा वेबसाइटवर एक वर्ष, तर छापील जाहिरातीसाठी वेगळे पैसे आणि मुदत संपल्यावर नूतनीकरणाचे वेगळे पैसे मागता येतात. संपण्याच्या तारखेच्या ४५ दिवस आधीची नोंद कॅलेंडरमध्ये करून ठेवा, म्हणजे क्लायंटला त्याच्या खर्चात ती रक्कम धरायला वेळ मिळतो. छायाचित्रात ओळखू येणारी माणसं असतील, तर दुसऱ्या कुणाला विकण्याआधी त्यांची लेखी संमती या नव्या वापरालाही लागू होते का, ते पाहून घ्या.