सांधा पावसाळ्यातच का सुटतो?

प्रश्न: आम्ही ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पत्र्यावर इपॉक्सीने चिकटवतो. त्याआधी पेट्रोलने पुसतो. उन्हाळाभर पक्क्या बसतात, पावसाळ्यात अलगद निघतात. इपॉक्सी बदलावा का?
— एक वाचक, कुपवाड (सांगली)

उत्तर: थांबा, आधी सुटलेली पट्टी उजेडात धरा. इपॉक्सी दोन्ही बाजूंना फाटून राहिला असेल, तर तो कमी पडला. एका बाजूला धातू लख्ख उघडा असेल, तर दोष पृष्ठभागाचा, आणि ‘अलगद’ या शब्दावरून तसंच वाटतं. ओल कडेने आत शिरते, धातूवरचा ऑक्साइडचा थर बदलून कमकुवत होतो आणि पकड सुटते. तेलकटपणा असला की हे लवकर घडतं.

पेट्रोल बंद करा. ते सुकल्यावर तेलकट अंश मागे राहू शकतो. ॲसिटोन घ्या, खिडक्या उघडून, वेल्डिंगपासून लांब. पांढरं कापड एकाच दिशेने फिरवा, डाग येईनासा होईपर्यंत. मगच १२० ते १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. आधी घासलंत तर तेल ओरखड्यांत दाबलं जातं, ही चूक फार होते. धूळ पुन्हा ॲसिटोनने पुसा.

आता स्वच्छ पाणी टाका. थर अखंड पसरला तर ठीक. थेंब गोळा झाले तर पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण सुकवून तासाभरात इपॉक्सी लावा, बोट न लावता. शिकंजा फार आवळू नका, ०.१ ते ०.२ मिमी थर राहू द्या.

सांधा कायम ओलीत राहणार असेल, तर सिलेन प्रायमरही (धातू आणि इपॉक्सी यांना घट्ट जोडणारा पातळ थर) आधी लावाच.