अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि मिटलेली मूठ

प्रश्न : गरोदरपणात माझा रक्तदाब १६०/११० पर्यंत गेला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, म्हणून ३२व्या आठवड्यात सिझेरियन करावे लागले. मुलीचे वजन १,४५० ग्रॅम होते. काही आठवडे ती काचपेटीत होती. आता ती १० महिन्यांची आहे, पण अजून आधाराशिवाय बसत नाही. खेळणे नेहमी डाव्या हातानेच घेते, उजवी मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते. सासूबाई म्हणतात, आजोबांसारखी डावखुरी होणार. ग्रहणात मी भाजी चिरली होती, त्याचेही बोल ऐकावे लागतात. तिच्या मेंदूवर परिणाम झाला असेल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आधी ग्रहणाविषयी. आपल्याला झालेल्या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात आणि त्याचे मूळ बहुधा पहिल्या काही महिन्यांतच, वार रुजताना पडते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, बाळाकडे रक्त कमी जाते आणि पुढे आईचा रक्तदाब चढतो. त्याचा ग्रहणाशी, विळीशी किंवा आपल्या कोणत्याही वागण्याशी संबंध नाही, हे घरातल्यांना जरूर वाचून दाखवा.

बसण्याची चिंता आज तरी करू नये. बाळ आठ आठवडे लवकर जन्मले असल्याने तिचे वय आठ महिने धरायचे. अशी वजावट दोन वर्षांचे होईपर्यंत करतात, आणि आठव्या महिन्यात न बसणारी काही निरोगी बाळेही असतात.

माझे लक्ष वेधले ते उजव्या मुठीने. मूल डावखुरे की उजवे, हे पहिल्या वर्षात ठरत नसते; त्या वयात बाळ दोन्ही हात सारखेच वापरते. वर्षाच्या आत एकच हात पुढे येत असेल, तर दुसऱ्या हातात काही अडचण आहे का, हे तपासलेच पाहिजे. ३२ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूतील पोकळ्यांभोवतीच्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात आणि हातापायांकडे जाणारे मज्जातंतू तिथूनच जातात. तिथे रक्तस्राव झाला किंवा रक्तपुरवठा कमी पडला, तर शरीराची एक बाजू ताठर राहू शकते. टाळूवरून केलेली सोनोग्राफी चांगली आली असली तरी लहान इजा तिच्यातून निसटू शकते. आपल्या मुलीला तसे झाले आहेच, असे पत्रावरून कोणीही सांगू शकणार नाही; परंतु ‘वर्षाची होईपर्यंत थांबा’ हा सल्ला मात्र ऐकू नका.

याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना किंवा मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. गरज वाटल्यास ते एमआरआय सांगतील. जाताना रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड न्या. प्रसूतीआधी आपल्याला मॅग्नेशियम सल्फेट व स्टिरॉइडची इंजेक्शने दिली होती का, बाळाला झटके आले होते का, डोळ्यांचा पडदा आणि ऐकणे तपासले होते का, हे त्यावरून कळेल. मॅग्नेशियममुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांत सेरेब्रल पाल्सीचे (मेंदूला लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचालींत राहणाऱ्या दोषाचे) प्रमाण घटते, हे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ २०१३ मध्ये सुरू झाला, त्याखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी व फिजिओथेरपी मोफत मिळते. निदानाची वाट न पाहता व्यायाम सुरू करता येतात : चांगल्या हातावर थोडा वेळ मऊ मोजा चढवून दुसऱ्या हाताला कामाला लावणे, दोन्ही हात लागतील असा मोठा चेंडू देणे. पण त्याचे वेळापत्रक थेरपिस्टनेच आखावे. पहिल्या दोन वर्षांत मेंदू जितका घडतो तितका नंतर घडत नाही, म्हणून ही घाई.

प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बहुतेक मातांची मुले व्यवस्थित वाढतात. तरीही अपुऱ्या दिवसांच्या काही मुलांना शाळेत लक्ष टिकवणे किंवा गणित जड जाते, तेव्हा जन्माचा हा इतिहास शिक्षकांना अवश्य सांगावा.

आणि स्वतःकडेही पाहा. या आजारानंतर पुढे रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून दरवर्षी रक्तदाब मोजत जा. पुन्हा दिवस राहिले, तर १२व्या आठवड्यालाच डॉक्टरांना हा इतिहास सांगा. कमी मात्रेची ॲस्पिरिन १६व्या आठवड्याआधी सुरू केल्यास अधिक उपयोगी ठरते, मात्र ती स्वतःच्या मनाने घेऊ नये.