गिअरबॉक्स उतरवण्याआधी

दोन-अडीच लाख किलोमीटर धावलेल्या ऑटोमॅटिक गाडीत गिअर पडायला उशीर होऊ लागला, म्हणजे ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) संपलेच, असे कृपया मानू नका. सर्वांत आधी ट्रान्समिशनचे ऑईल पाहा. बहुतेक गाड्यांत ते सपाट जागेवर, गरम असताना व इंजिन चालू ठेवून मोजतात, पण काहींत इंजिन बंद करून मोजायचे असते. म्हणून मॅन्युअल वाचूनच डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) काढा. एक थेंब पांढऱ्या कागदावर टेकवा. नुसता गडद रंग वयामुळेही येतो; मात्र करपल्याचा वास आणि काळी भुकटी आढळली, तर क्लच प्लेटा झिजल्याची शंका घ्यावी.

स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) पी०७०० हा कोड आला, तर ती केवळ ट्रान्समिशनच्या कंट्रोलरकडे पाहण्याची सूचना असते. खरा दोष त्या कंट्रोलरमध्ये साठलेल्या दुसऱ्या कोडमधून कळतो, आणि तो वाचल्याशिवाय सोलेनॉइड (ऑईलचा प्रवाह सांभाळणारी विजेवरची झडप) बदलणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय.

एकसारख्या वेगात गाडी थरथरत असेल, तर मागे वाहन नाही याची खात्री करून, अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवत, ब्रेक पेडलला फक्त ब्रेकलाइट लागेल इतकाच स्पर्श करा. थरथर तत्क्षणी थांबली, तर संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद ऑईलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाच्या) लॉकअप क्लचवर जातो, कारण दोघांना थेट जोडणारा हा क्लच ब्रेकला स्पर्श होताच सुटतो. तरीही स्पार्क प्लग आणि कॉइल तपासून घ्याच, कारण इंजिनाचा मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) हुबेहूब तसाच जाणवतो आणि त्यापायी चांगले गिअरबॉक्स विनाकारण उघडले जातात, याचे मला फार वाईट वाटते.